नवरा मुठीत ठेवणारी

“उतरा खाली. चावी इकडं द्या.” नवरा कुणाच्याही मोटारसायकलवर बसला की ती भर चौकात हात पुढे करायची. तो मुकाट्यानं चावी द्यायचा.

पेडगावात ते दोघे आमच्या शेजारी राहत. मी तिथल्या शाळेत शिक्षक. ती शेळ्या राखायची, रोजानं खुरपायला जायची. नवऱ्याला तिनं कधी विहिरीवर जाऊ दिलं नाही, झाडावर चढू दिलं नाही, चुलीपुढं एकटं बसू दिलं नाही. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल, आणि तिच्याबद्दल लोक काय बोलतात तेही तुम्ही ऐकलं असेल. आम्हीही तेच बोलायचो. बाईनं नवरा मुठीत ठेवलाय!

ती हसायची. “हाय मुठीत. मग?”

एकदा मी म्हणालो, “वहिनी, जरा मोकळं सोडा त्याला.”

“सर, तुमी शाळेतली पोरं सांभाळा. घरचं मी बघते.”

खरं सांगतो, मला तिचा राग आला होता.

पुढं सोनपेठला एका मित्राचं लग्न निघालं. ती रानात गेलेली. मी त्याला म्हणालो, “एकदा तरी बायकोला न विचारता चल की!” तो लाजला, पण सदरा बदलून आला.

लग्न लागायला वेळ होता, म्हणून आम्ही गोदावरीवर गेलो. कमरेइतक्या पाण्यात तो एकदम आडवा झाला, हातपाय झाडू लागला. थट्टा करतोय असं वाटून आम्ही काठावर हसत राहिलो. मग कुणीतरी ओरडलं. बाहेर काढला तेव्हा तो गेला होता.

त्याला फेफरं यायचं. दहावा झाल्यावर तिनंच सांगितलं. “आजारी म्हणलेलं त्यांना खपत न्हवतं. मला कजाग म्हणलेलं मला चालत होतं.”

“वहिनी, मीच त्याला...” मी म्हणालो.

“तुमाला ठाऊक न्हवतं, सर.”

महिन्याभरात शेळ्या विकून ती चुडाव्याला भावाकडं निघाली. जायच्या सकाळी माझ्या दारात आली. हातात एक गाठोडं.

“सर, त्या दिशी वाटंत ते खुश होते का?”

“खूप. बसमध्ये गाणं म्हणत होता.”

“गाणं?” ती म्हणाली. “माझ्यापुढं कधी म्हणलं न्हाई.”

पदरानं तोंड पुसून ती फाट्याकडं चालू लागली.