जिगवरची कोळंबी

आज सकाळी समुद्रातल्या दगडी बांधावर ऑफिसच्या साहेबांनी डबा उघडला आणि मीठ लावलेल्या कोळंबीचा वास नाकात शिरला. त्या वासासरशी पप्पा आठवले, बारा वर्षांपूर्वी याच बांधावर उभे असलेले.

तेव्हा ते वसईहून इथे आखातात माझ्याकडे व्हिजिट व्हिसावर आले होते. मी नवे जिग, म्हणजे शिशाचे चकचकीत खोटे मासे, आलटून पालटून फेकून बघत होतो. सोबत साहेब होते, म्हणून जरा जास्तच ऐटीत. पण मासा काही लागेना. शेवटी पप्पांनी खिशातून पुडी काढली. घरून आणलेली, मिठात मुरवलेली कोळंबी. एक तुकडा माझ्या जिगच्या गळाला टोचत ते म्हणाले, "नुसत्या शिशाला मासा कशाला येईल रे?"

साहेब नाक दाबून हसले. "अंकल, ये तो पूरा मच्छी बाजार है!"

मीही हसलो. तुकडा उपटला, पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. पप्पा खाली वाकून समुद्राच्या पाण्यात कितीतरी वेळ हात धूत राहिले. परतताना माझ्या गाडीत, सीटला वास लागू नये म्हणून ते दोन्ही हात अधांतरी धरून बसले होते. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या घरापर्यंत.

पप्पा आता नाहीत.

आज साहेबांनी ऑफिसातल्या नव्या माणसाला जिगवर कोळंबी लावून दाखवली. पहिल्याच फेकीला हमूर मासा लागला.

"खलास! मेरा फॉर्म्युला है ये, बरसों से," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "क्यों, याद है ना?"

"हाँ सर," मी म्हणालो. "आपका ही है."