कारणबाई आणि क्विंटलची वाटणी

कोणताही आकडा समोर ठेवला की कारणबाई आधी आकड्याकडे पाहत नसत, तो सांगणाऱ्याकडे पाहत आणि विचारत, "याला कारण काय?" एसटी उशिरा का आली, कार्यालयातले घड्याळ दहा मिनिटे पुढे का, मी कपाळावर भस्माचे तीनच पट्टे का ओढतो, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतले. कामगारांनी ठेवलेले हे नाव त्यांना ठाऊक होते आणि बहुधा आवडतही असावे. एकदा दूरध्वनीवर त्यांनी स्वतःच "कारणबाई बोलते" असे सांगितल्याचे मी ऐकले आहे.

त्या पाथरीच्या. वय पन्नाशीच्या पुढचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक वही आणि शिसपेन्सिल. उत्पादनखर्चाचा हिशेब मांडणे हा त्यांचा व्यवसाय. परभणीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या धाकट्या बंधूंचा शेतीच्या अवजारांचा कारखाना आहे. माझे आयुष्य मठाच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवण्यात गेले. कारखान्यात मी केवळ सहीपुरता भागीदार. निवृत्तीनंतर मात्र पूजा आटोपून रोज सकाळी कार्यालयात जाऊन बसण्याचा परिपाठ पडला होता.

कारखान्यात दोन प्रकारचा माल होई. मागच्या बाजूच्या भट्टीवर गफूरचाचा आणि त्यांचे चार सोबती नांगराचे फाळ घडवत. पुढच्या दालनात पेरणी यंत्रात बसणाऱ्या, बी मोजून सोडणाऱ्या चकत्या यंत्रावर तयार होत; सोयाबीनची वेगळी, हरभऱ्याची वेगळी, अशा तीसएक प्रकारच्या. तीन वर्षे हिशेबात भट्टी तोट्यात आणि चकत्या नफ्यात दिसत होत्या. बंधूंनी भट्टी बंद करण्याचे ठरवले. पाच माणसांना घरी पाठवण्याचा कागद तयार झाला आणि त्यावर मी माझी सही करून दिली. बंद केल्याने नेमके किती वाचेल, एवढेच काढून देण्यासाठी कारणबाईंना बोलावले होते.

त्यांनी खुर्ची मागितली नाही. पहिले आठ दिवस त्या कारखान्यात नुसत्या उभ्या राहिल्या. चकत्यांचे यंत्र थांबलेले दिसले की त्यांचे पाऊल तिकडे वळे. एकदा मीही मागोमाग गेलो. यंत्र चालवणारा म्हणाला, "साचा बदलायलोय, बाई. तास-दीड तास जातो." दिवसातून कितीदा बदलावा लागतो, असे त्यांनी विचारले. ऑर्डर येईल तसा, परवा पाचदा बदलला, असे तो म्हणाला. कारणबाईंनी वहीत पाच हा आकडा लिहिला आणि अगदी सरळ चेहऱ्याने विचारले, "मग चकत्या कधी करायलात?" तो हसून म्हणाला, "मधल्या टायमात."

जो खर्च कोणत्याही एका वस्तूच्या नावाने होत नाही, म्हणजे जागेचे भाडे, देखरेखीचे पगार, यंत्रांची दुरुस्ती, मालाची तपासणी, त्याला हे लोक वरकड खर्च म्हणतात. तो सर्व मालावर वाटावा लागतो. आमचे घराणे मूळचे मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या आडतीचे. तिथे हमाली, तोलाई, सारे क्विंटलमागे. तीच सवय वडिलांच्या गादीवरून बंधूंच्या कारखान्यात आली आणि वरकड खर्चही लोखंडाच्या वजनावर वाटला जाऊ लागला. फाळ जड, म्हणून त्यांच्या वाट्याला डोंगराएवढा. चकत्या हलक्या, म्हणून त्यांच्या वाट्याला चिमूटभर. यात काही चुकते आहे, अशी शंका आम्हा दोघांपैकी कुणालाही कधी आली नाही.

"खर्च कुणामुळं झाला ते आधी, कुणावर टाकायचा ते मग," असे कारणबाई म्हणत. त्याप्रमाणे त्यांनी खर्चाची आधी कामांमध्ये विभागणी केली. साचा बदलण्याच्या कामाचा खर्च किती, तपासणीचा किती, माल बांधून रवाना करण्याचा किती. मग ते काम कोणत्या मालासाठी कितीदा करावे लागले, हे मोजून तेवढा भार त्या मालावर टाकला. फाळांचा साचा महिनोन्महिने बदलत नसे. चकत्यांची मात्र प्रत्येक लहान मागणी यंत्र थांबवी, तपासणीला नमुने धाडी, वेगळे खोके आणि वेगळी चिठ्ठी मागे. हिशेब पालटला. भट्टी स्वतःच्या पायांवर उभी होती आणि चकत्यांच्या किरकोळ मागण्या तिच्या जिवावर जगत होत्या.

बंधूंना हे रुचले नाही. आपण विचारले काय आणि बाईंनी आणले काय, असे म्हणत त्यांनी कागद बाजूला सारला. शेवटी म्हणाले, "वडिलांपासून क्विंटलवरच चालत आलंय आमचं."

"मोंढ्यात ते बरोबर होतं, मालक," कारणबाई शांतपणे म्हणाल्या. "तिथं पोतं जड असलं की हमालाची पाठ दुखते. इथं दुखणं वजनाचं नाही, बदलण्याचं आहे."

मला राहवले नाही. पाठशाळेत कार्यकारणाचा पाठ देताना आम्ही घटाचे उदाहरण घेतो. कुंभार, चाक, काठी ही घटाची कारणे. परंतु माती वाहून आणणारे गाढव दर वेळी हजर असले, तरी त्याला कारण म्हणत नाहीत; माती डोक्यावरून आणली तरी घट होतोच. हे मी सांगताच कारणबाईंनी वही मिटली आणि बंधूंकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? क्विंटल हे तुमचं गाढव." बंधू क्षणभर माझ्याकडे रागाने पाहत राहिले आणि मग त्यांना हसू आवरेना. त्या संध्याकाळी त्यांनी भट्टी बंद करण्याचा कागद माझ्यासमोर फाडला. पुढच्या आठवड्यापासून चकत्यांची लहान मागणी वाढीव दराशिवाय घ्यायची नाही, असा नियम झाला.

काम संपवून कारणबाई निघाल्या, तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. त्या कायमच्या लेकीकडे पुण्याला जाणार होत्या. हे त्यांचे इकडचे शेवटचे काम. पाच घरे वाचवण्याचे पुण्य तुमच्या पदरी पडले, असे मी हात जोडून म्हणालो. त्यांनी मान हलवली. "मी कुणाला वाचवलं नाही, गुरुजी. आकडा उलटा आला असता तर बंद करा, असंच लिहून दिलं असतं."

रिक्षा आली. बसता बसता त्या थांबल्या. "एक गोष्ट कागदावर बसली नाही. चहाचा खर्च वाटायला घेतला, तर दोन वर्षांत भट्टीवर एकही कप गेलेला नाही. कारण विचारलं. गफूरचाचा म्हणाले, आम्ही दुसऱ्यांच्या कमाईवर खातो म्हणतात, मग चहा तरी आमचा आम्ही आणावा." रिक्षात बसून त्या म्हणाल्या, "खर्च तर मी जागेवर लावला. हे कुणाकडं लावायचं, ते तुम्ही बघा."

रिक्षा गेली तरी मी फाटकातच उभा होतो. दोन वर्षांपूर्वी गफूरचाचांना कार्यालयात बोलावून ते शब्द मीच ऐकवले होते. आवाज न चढवता, समजुतीच्या सुरात. इतरांच्या श्रमांचे अन्न खाल्ल्याने मनुष्य ऋणी होतो, असेही वर सांगितले होते. त्यांनी मान खाली घालून ऐकले आणि ते गेले. आपण एका माणसाला सन्मार्ग दाखवला, अशा समाधानात मी त्या दिवशी घरी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर कार्यालयात न थांबता थेट भट्टीकडे गेलो. गफूरचाचांनी घाईने एक स्टूल पुसून पुढे केले. मी बसलो नाही. हिशेब चुकला होता, तुम्ही कुणाचे काही खाल्ले नव्हते आणि मी बोललो ते असत्य होते, असे मी पाचही जणांसमोर म्हणालो. त्यांनी हातातली सांडशी खाली ठेवली. मग म्हणाले, "मालक बोलले असते तर मी भांडलो असतो, गुरुजी. तुमी बोललात, म्हणून खरंच असंल वाटलं."

हे कारणबाईंना कळवावे म्हणून दोनदा दूरध्वनी हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. त्यांचा प्रश्न मला आधीच ऐकू येत होता: त्याआधी तुम्ही भट्टीपर्यंत कधी चालत गेला होतात, गुरुजी?