गड्यांच्या खोलीतला वारा

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या काकांवर. गेल्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी, सूर्य बुडाल्यावर, पाहुण्यांची पहिली पंगत अंगणात बसली तेव्हा. ज्यांना याला अपघात म्हणायचंय त्यांनी म्हणावं. मी म्हणणार नाही.

काका राजापूरकडचे गवंडी. दुबईच्या पुढे, उम्म अल कुवैनच्या आतल्या बाजूला खजुराची एक जुनी वाडी आहे. तिथलं मालकांचं मोठं घर दुरुस्त करून सुट्टीला येणाऱ्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या, त्या कामावर ते होते. मोठ्या घरावरचा, वारा पकडून खाली खोल्यांत सोडणारा मनोरा तुम्ही फोटोत पाहिला असेल. मागच्या ओळीचे फोटो कोणी काढत नाही. स्वयंपाकघर, खजुराचं कोठार, विहीर, शेळ्यांचा गोठा आणि टोकाला गड्यांची खोली.

ऑगस्टात एका रविवारी आईने पाठवलेली सुकटीची चटणी घेऊन मी दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसहून तिकडे गेले. काकांनी हौसेने सगळं दाखवलं. कोठाराच्या जमिनीला बारीक नाल्या पाडलेल्या. खजुराची पोती एकावर एक रचायची, दाबाने पाक सुटायचा आणि नाल्यांतून कोपऱ्यात पुरलेल्या रांजणात उतरायचा. विहिरीशी बैलासाठी उतरण होती. "ही तर आपलीच मोट," काका म्हणाले. "फक्त पाऊस आणायला विसरले."

गड्यांच्या खोलीत मात्र मी थबकले. समुद्रातल्या दगडाची भिंत, दोन पदरी. बाहेरून वरच्या अंगाला उघडी, आतून खाली, झोपलेल्या माणसाच्या उंचीला फटी. समुद्राकडचा वारा वरून शिरायचा, दोन पदरांमधून उतरायचा आणि थेट अंगावर यायचा. ज्यांनी हे बांधलं त्यांनी गड्याच्या झोपेचा विचार केला होता.

आणि त्या फटी काका बुजवत होते.

"काका, ह्या कशाला बुजवताय?"

"एसी बसणार आहे. गार हवा बाहेर जाते म्हणे. आणि काय गं, पश्चिमेला भोक ठेवणारा गवंडी आमच्याकडे उपाशी मरेल! पाऊस थेट अंथरुणात."

"इथे कुठला पाऊस?"

"मला ठाऊक आहे गं. हाताला कोण सांगणार? तो अजून राजापुरातच आहे."

आम्ही दोघं हसलो. शेवटच्या फटीतून वारा बारीक शीळ घालत होता. काकांनी थापीने गिलावा दाबला आणि आवाज बंद झाला. कानांना दडे बसल्यासारखं झालं. मी भिंतीवर हात ठेवला. भिंत गरम होती, आणि गप्प.

एसी लागला. काका आणि तिघं सोबती तिथेच राहायला आले. पण एसीचं बाहेरचं यंत्र अंगणाच्या बाजूला टांगलं होतं, आणि ते घरघरायचं. त्या शनिवारी पानं मांडली गेली तसा सुपरवायझर धावत आला. "यल्ला, सब अंदर! दरवाजा बंद, एसी बंद. मेहमान के सामने आवाज नहीं चाहिए."

पुढचं मला काकांच्या एका सोबत्याने सांगितलं. दिवसभर तापलेल्या भिंती आता आत उष्णता सोडत होत्या. बाहेर गाणी, हशा. काका आधी चिडले, मग बरळायला लागले, मग त्यांचा घाम थांबला. "दार उघडलं तर नोकरी जाईल, म्हणून पंगत उठायची वाट बघत बसलो, ताई," तो म्हणाला. शेवटी त्यांनी दार उघडलंच. काकांना चादरीत घालून खजुराच्या झाडांआडून हॉस्पिटलात नेलं. पाहुण्यांना पत्ता लागला नाही.

काका वाचले. पण मूत्रपिंडं अधू झाली. उन्हातलं काम कायमचं खलास.

कॉन्ट्रॅक्टर आपल्यातलाच, मराठी; आता पाहुण्यांच्या खोल्याही तोच चालवतो. जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात त्याने मला चहा पाजला.

"अगं बाळा, फटी तुझ्या काकांनीच बुजवल्या ना? थापी काय मी धरली होती?"

"सांगितलं कोणी?"

"ड्रॉइंगमध्ये होतं."

"मग मनोरा का नाही बुजवला?"

"मनोरा बघायला लोक येतात."

"खोलीतल्या फटी आता तरी उघडा."

"सीझन संपू दे. इन्शाल्ला."

सीझन संपतो तेव्हा उन्हाळा सुरू होतो, हे त्यालाही कळतं. ते तिघं आजही त्याच खोलीत झोपतात. पंगती आजही बसतात, एसी आजही बंद होतो.

इथल्या मराठी मंडळींच्या आपल्या या ग्रुपवर त्या वाडीची चौकशी करणारे मेसेज मी रोज वाचते. तुम्ही जाणारच आहात, तर जा. पण सामान ठेवायच्या आधी अंगण ओलांडा, टोकाच्या खोलीत शिरा, एसी बंद करा आणि दार लावून भिंतीला पाठ टेकून बसा. जीव घाबरा झाला की बाहेर या, कॉन्ट्रॅक्टरला फोन लावा आणि सांगा, फटी उघडा, आजच. नाही म्हणाला तर खोली रद्द करा, आणि का रद्द केली ते त्याला मराठीत ऐकवा.