नागपूर ते टोरांटो

लेकीने टोरांटोत लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, पण आपल्यातला नाही, एवढ्यावर आमच्या घरात सगळे गप्प झाले. तिचे वडील नाहीत, म्हणून माझे दीर नागपुरातल्याच महाल भागातून मुद्दाम आमच्याकडे आले. जावांसमोर त्यांनी मोबाईल पुढे धरला. नागपूर ते टोरांटो, सरळ रेषेत बारा हजार किलोमीटरच्या वर. सरळ विमान नाही, दोह्याला बदलायचं. दाराबाहेर पडल्यापासून पोचेपर्यंत पूर्ण दिवस, वर आणखी काही तास. एवढ्या लांब कोणाला जमणार, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

"वहिनी, तुम्ही बर्डीवर बाजारात जायले पण सोबत शोधता," ते म्हणाले. "हे काहून डोक्यात घेतलं?"

मी चहा ठेवायला उठले होते. तशीच परत फिरले.

"भाऊजी, लग्न इथं जवळच्या भिवापूरले असतं, तर तुम्ही आले असते काय?"

दिरांनी मोबाईल खिशात घातला.

"मंग किलोमीटर सांगू नका मले," मी म्हटलं. "मी जाऊन राहिली."

लेकीने पाठवलेल्या तिकिटावर मी पहाटेच्या विमानात बसले. जन्मात पहिल्यांदा. भीती वाटत होती, ती वाटू दिली. दोह्याला उतरले तर पुढच्या विमानाचं गेट बदललेलं. मला इंग्रजी येत नाही. जो गणवेशातला दिसेल त्याच्यासमोर बोर्डिंग पास धरून उभी राहायचे आणि तो बोट दाखवेपर्यंत हलायचे नाही. एकाने व्हीलचेअर आणून ठेवली. मी मान हलवली आणि चालत गेले, गुडघा बोंबलत असताना.

दुसरं विमान संपतच नव्हतं. झोपले, उठले, जेवले, पुन्हा झोपले, तरी खिडकीबाहेर तोच उजेड. पाय सुजून चपलेत मावेनात. मनात आलं, दीर खोटं बोलले नव्हते, लांब तर आहेच. पण ते आले नाहीत ते लांब आहे म्हणून नव्हे, आणि तेच खोटं कारण त्यांनी माझ्या तोंडून वदवून घेतलं असतं, याचा राग मला समुद्रावरून जातानाही येत होता.

टोरांटोच्या विमानतळावर लेक मला बघून रडली. मी रडले नाही. कोण कोण आलं, असं तिने विचारलंही नाही.

लग्न एका लहान हॉलमध्ये झालं. बुद्धमूर्तीसमोर दोघांनी मेणबत्त्या लावल्या, आणि लग्न लावायला भन्तेजी नसल्यामुळे बुद्धवंदना मीच म्हटली, मोठ्या आवाजात. मुलीकडच्या खुर्च्यांवर मी एकटी होते. मुलाची आई ते बघून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती.

त्या संध्याकाळी मी सगळे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी पाहिले, लिहिलं कोणी काही नाही. दुसऱ्या दिवशी मी आणखी टाकले.