शिशाचे सहा वॉशर

ती सकाळ अजून माझ्या नाकात बसली आहे. घरात कुणी मोरी धुवायला ब्लिचिंग पावडरचा डबा उघडला की मी उठतो आणि अंगणात जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, "एवढे दरोडेखोर पकडले, अन् पावडरीला भिता." भितो. आता निवृत्तीनंतर ते कबूल करायला कसली लाज?

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं, पण शहर होतं तेच. फक्त लाल दिव्याच्या गाड्या वाढल्या आणि त्यांच्यासोबत आमचे बंदोबस्त. मी तेव्हा शहराच्या कडेच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माझ्या हद्दीत पिण्याचं पाणी शुद्ध करणारा एक फिल्टर प्लांट होता. त्याचं किंवा तिथल्या कुणाचंही नाव मी इथे घेणार नाही.

त्या हिवाळ्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. मागण्या पगाराच्या, भत्त्याच्या आणि मुख्य म्हणजे पेन्शनच्या. जुन्या राज्यात केलेली नोकरी नव्या राज्यात धरतील की नाही याची प्रत्येकाला धास्ती होती, आणि पुढच्या भरतीला पेन्शनच नाही अशीही कुणकुण होती. प्लांटच्या फाटकाबाहेर संपकऱ्यांचा मंडप पडला. आत कंत्राटदाराने रोजंदारीवर माणसं आणून काम चालू ठेवलं. त्यातली बरीचशी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून कमी केलेली होती. ठाण्यासमोरचा पानवाला रोज मला ऐकवायचा, "साहब, इनको पगार भी चाहिए, पेंशन भी चाहिए. हमको कौन देता है?" माझे शिपाई पान घेऊन निघून जात. आम्हाला संप करता येत नाही, पण पेन्शन आम्हालाही हवीच होती.

संपाच्या नवव्या दिवशी, ऊन कलताना, कंत्राटदाराचा सुपरवायझर धापा टाकत ठाण्यात आला. "साहब, एक हड़ताली पीछे की दीवार पर चढ़ रहा है. क्लोरीन रूम उधर ही है."

क्लोरीन म्हटल्यावर मी जीप काढायला सांगितली. पाण्यातले जंतू मारायला हा वायू वापरतात. तो मोठमोठ्या लोखंडी टाक्यांत दाबून भरलेला असतो. सुटला तर जमिनीलगत पसरतो आणि माणसाच्या छातीत शिरतो. प्लांटच्या मागच्या भिंतीला लागूनच एक पारा होता, म्हणजे तिकडच्या भाषेत मोहल्ला, दाट वस्तीचा, लेकराबाळांचा. आणि माझ्या नोकरीची पहिली वर्षं भोपाळला गेली होती. यापुढे काही सांगायची गरज नाही.

भिंतीवरून आम्ही ज्याला उतरवलं तो त्याच प्लांटचा जुना ऑपरेटर निघाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, पांढऱ्या मिशांचा, अंगाने किरकोळ. क्लोरीन रूम तोच सांभाळायचा. झडतीत त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात रुमालाची पुरचुंडी मिळाली. तीत शिशाच्या सहा चकत्या होत्या, मधे भोक असलेल्या, जुन्या रुपयाएवढ्या. सुपरवायझर लगेच म्हणाला, "ये तो टंकी के वाशर हैं. चुरा के ले गया था." पंचनामा झाला, चकत्या डबीत घातल्या, डबीला लाखेचं सील लागलं आणि मुद्देमाल मालखान्यात गेला. अत्यावश्यक सेवेच्या कायद्याखाली त्याच दिवशी आणलेले संघटनेचे पाच पुढारी आमच्याकडे होते. पुरुषांचं लॉकअप एकच. ऑपरेटरला त्यांच्यातच बसवलं. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला माझ्या खोलीत घेतलं. दार नेहमीसारखं उघडं होतं, समोर व्हरांडा, व्हरांड्यापलीकडे लॉकअप. मी हिंदीत विचारत होतो. भिंतीवर का चढलास, कुणी पाठवलं, आत काय करणार होतास? तो एका शब्दाने बोलेना. उलट दर पाच मिनिटांनी मलाच विचारायचा, "साहब, कितने बजे?"

साडेनऊ. पावणेदहा. दहा.

थंडीचे दिवस होते आणि त्याच्या कपाळावर घाम होता. माझी खात्री होत चालली की काहीतरी ठरलेलं आहे, याची माणसं अजून बाहेर आहेत आणि हा त्या वेळेची वाट पाहतो आहे. मी टेबलावर हात आपटला. "क्या होने वाला है? बोल!" आवाज माझाच चिरकला. समोरून एक पुढारी ओरडला, "कुछ मत बोलना भैया, हम सब साथ हैं!" ऑपरेटरने लॉकअपकडे पाहिलं आणि मान आणखी खाली घातली.

तिथे मला खटकलं. इतक्या वर्षांत शेकडो माणसं माझ्यासमोर बसली होती. गुन्हा केलेला माणूस साहेबाच्या तोंडाकडे बघतो, नाहीतर दाराकडे. हा एकदा घड्याळाकडे बघत होता आणि एकदा आपल्याच माणसांकडे, आणि दोन्हीकडे बघताना त्याच्या डोळ्यांत भीती सारखीच होती.

"इसके फिंगर प्रिंट लेना है," असं मोठ्याने म्हणून मी त्याला मागच्या आवारात नेलं. तिथे जप्त केलेल्या मोटारसायकली गंजत पडलेल्या असत. अटकेच्या कागदावरच्या आडनावावरून तो आपल्याकडचा, विदर्भातला, हे मला कालच कळलं होतं. मी मराठीत म्हणालो, "भाऊ, इथे कुणी ऐकत नाही. काय आहे ते सांगा."

त्याने माझा हात धरला. पोलिसाचा हात आरोपी सहसा धरत नाही.

"साहेब, मले सोडलं नाई तरी चालते. केस करा, जेलात टाका, काही करा. पण ते वाशर आत पोचवा. टाकी आज अकरा-साडेअकराले सरते. मायं मोजमाप हाये, चुकत नाई. ते लोक नवी टाकी लावतीन, अन् तिले जुनाच वाशर लावतीन."

"मग?"

"शिसं नरम राह्यते साहेब. एकदा दाबलं का चपटं होते. दर टाकीले नवा वाशर लागते. जुना लावला का गॅस बाहेर. त्या माणसाले हे कोण सांगन?"

मग भराभर सगळं बाहेर आलं. स्टोअरमधून वॉशर कधी वेळेवर येत नसत, म्हणून तो पुडी स्वतःच्या खिशात ठेवायचा. संपाच्या दिवशी घोषणा देत बाहेर पडला तो पुडी घेऊनच. आठ दिवस मंडपात बसून होता आणि लक्षातच नव्हतं. "बायकोनं शर्ट धुवाले घेतला, तवा खिशातून निंगाले. माया तं जीवच गेला." फाटकातून जावं तर मंडपातले सगळे बघणार. कंत्राटी माणसाला वॉशर देणं म्हणजे प्लांट चालवायला मदत करणं, म्हणजे संपाशी गद्दारी.

"भिंतीवरून आत फेकून द्यायचे," मी म्हणालो.

"फेकून काय होते? त्याले दाखवाले पायजे ना, कसा लावते तं."

"काल का नाही सांगितलं?"

"त्या पाच जणांसमोर?" तो म्हणाला. "तीस वर्षं त्याईच्यासंगं डबा खाल्ला, साहेब. अन् मले सस्पेंड केलं तं पेन्शनसाठी मायासाठी लढन कोण? तेच ना."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला असं म्हणालो तर खोटं होईल. आत शिरण्यासाठी हा बनाव करत असेल, असंही वाटत होतं. प्लांटला फोन लावला. घंटा वाजत राहिली. फोन उचलणारा बाबूही संपावर होता. घड्याळात दहा पंचवीस झाले होते.

मालखान्याच्या हवालदाराला म्हटलं, ती डबी काढ. त्याने काढली, पण हातातून सोडेना. "साहब, सील टूटी तो केस गया. और आप भी." त्याचं बरोबर होतं. कोर्टात जाणारा मुद्देमाल ठाणेदाराने स्वतः फोडायचा, याला कायद्यात कुठेही जागा नाही. माझी बावीस वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मग भोपाळ उभं राहिलं. मी लाख फोडली.

जीपमध्ये ऑपरेटर माझ्या शेजारी, डबी मुठीत आवळून. गुढियारीच्या बाजारपेठेजवळ मालाच्या हातगाड्यांनी रस्ता अडवलेला, तिथेच अकरा वाजून गेले. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता. ऑपरेटर काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं देवाचं नाव घेतो आहे. नीट ऐकलं तर तो मिनिटं मोजत होता.

प्लांट दिसण्याआधी वास आला.

मंडपातल्या घोषणा बंद पडल्या होत्या. लोक तोंडावर रुमाल धरून रस्त्याकडे सरकत होते. सुपरवायझर मोटारसायकलवरून आमच्या समोरून निघून गेला, थांबला नाही. मागच्या बाजूला क्लोरीन रूमच्या दारातून हिरवट-पिवळा धूर जमिनीला चिकटून बाहेर येत होता, आणि दोन मजूर रबरी नळीने त्यावर पाणी मारत होते.

"पानी बंद करो! पानी से छेद बड़ा होता है!" ऑपरेटर उतरता उतरता ओरडला. त्याने मंडपावरच्या संघटनेच्या झेंड्याकडे पाहिलं. झेंडा पाऱ्याच्या दिशेने फडकत होता. "साहेब, वस्ती खाली करा. वारा जिकडून येते तिकडं न्या सगळ्याइले. खाली बसू देऊ नका कोणाले, उंचावर चढवा." आदेश तो देत होता आणि मी, त्याला अटक करणारा, ते पाळत होतो.

मंडपाजवळ बंदोबस्ताला असलेल्या शिपायांना पाऱ्यात पिटाळलं. एक म्हातारी खाटेवर वाळत घातलेले बिजौरीचे सांडगे सोडून निघेना. तिला माझ्या हवालदाराने खाटेसकट उचललं. लेकरं रडत होती, बाया एकमेकींना हाका मारत होत्या. आत कोण आहे, मी विचारलं. नळीवाला म्हणाला, एक जण आहे, पाना घेऊन नट आवळतो आहे, बाहेर यायचं नाव घेत नाही.

ऑपरेटरने बाहेरच्या भिंतीवरल्या मास्कच्या कपाटामागच्या खिळ्यावरून किल्ली काढली, कपाट उघडून मास्क घेतला, तोंडावर चढवला आणि आत गेला. मी दारापासून वीस पावलांवर उभा होतो. मला पुढे जायचं होतं. माझे पाय हलले नाहीत. चाकू घेतलेल्या माणसावर मी धावून गेलो आहे, पण त्या धुराकडे पाऊल पडलं नाही. हे मी आजवर कुठल्याही अहवालात लिहिलेलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. आतून लोखंडावर लोखंडाचा आवाज आला, मग फुसफुस कमी होत गेली आणि थांबली. धूर पातळ झाला. ऑपरेटर त्या माणसाला काखेत धरून ओढत बाहेर आला. टाकीचा मुख्य वॉल्व्ह फिरवून बंद करायचा असतो, एवढंच त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. नट आवळला की वायू थांबेल असं समजून तो आत टिकून राहिला होता.

चाळिशीचा माणूस, नखांत अजून कारखान्याची काळी धूळ. डोळे लाल, खोकून खोकून वाकलेला. दम आला तसा म्हणाला, "मोला कोनो नई बताइस, कका." मला कुणी सांगितलंच नाही. मी विचारलं, पळाला का नाहीस? तो म्हणाला, "भागतेंव त काली काम नई मिलतिस, साहब." पळालो असतो तर उद्या काम मिळालं नसतं.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत ऑपरेटर त्याच्याजवळ जमिनीवर बसला. मंडपातले सगळे आता परत येऊन पाहत होते. त्यांच्या देखत त्याने डबीतला एक वॉशर काढला आणि त्या माणसाच्या तळहातावर ठेवला. "हर बार नवा. जुन्ना ला फेंक देबे. समझ गेस?" तो मान हलवून म्हणाला, "हव, कका."

गर्दीतून कुणीतरी हळू पण स्पष्ट म्हणालं, "गद्दार."

ऑपरेटरने ऐकलं. उठला, पँट झटकली आणि कुणी न सांगता माझ्या जीपमध्ये जाऊन बसला.

पाऱ्यातलं कुणी दगावलं नाही. सील तुटल्यामुळे गुन्ह्यात काही उरलं नाही आणि केस बंद करण्याचा खात्मा रिपोर्ट कोर्टात गेला. मला कारणे दाखवा नोटीस आली, दीड वर्ष चौकशी चालली, बढती लांबली. संप आश्वासनांवर मिटला. ऑपरेटर कामावर परतला, पण उरलेली दोन वर्षं त्याच्यासोबत कुणी डबा उघडला नाही, असं मला कळलं.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. गप्प बसलेला आरोपी आपल्यालाच घाबरतो, असं पोलिसाला नेहमी वाटतं. तो नेमका कुणाला घाबरला आहे, हे आधी पाहायला हवं. मी ते पाहायला सतरा-अठरा तास लावले, आणि तेवढ्यात एका माणसाच्या छातीत तो धूर गेला.

निवृत्त झाल्यावर एका नोव्हेंबरात मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. आम्ही पेन्शनवाले दर वर्षी हा दाखला देतो, तेव्हा पेन्शन चालू राहते. रांगेत माझ्या पुढे मफलर गुंडाळलेला एक म्हातारा होता. मिशांवरून ओळखलं.

"भाऊ, तो तुमचा क्लोरीनवाला कसा आहे?" मी विचारलं.

"तिथंच हाये, साहेब. ठेकेदार चार बदलले, माणूस तोच. खोकते लय."

खिडकीतून त्याला हाक आली. बाबूने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. तो पावती घडी करत माझ्याजवळ आला.

"आपल्याले सरकार दरसाल इचारते, जिता हायेस का म्हणून. त्याले कोण इचारते?" पावती त्याने शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. "म्हून मीच जातो महिन्याचा एक डाव. पाहून येतो."

माझा नंबर आला होता. मी खिडकीपुढे गेलो आणि जिवंत असल्याची सही केली.