दोन कुलपांचं दार

कपड्यांच्या कारखान्यात काज करणाऱ्या त्या बाईला सगळे लवंगी म्हणत. बुटकी आणि तिखट, दुसरं काही कारण नाही. एकदा मॅनेजरने फारच गोड आवाजात घरची खुशाली विचारली, तर ही म्हणाली, "आधी पंखा दुरुस्त करा, मग खुशाली सांगते." तिचं तोंड बंद करणारा अजून जन्माला यायचा होता.

मागल्या निवडणुकीने देशाचे उभे दोन तुकडे केले, तिथे कारखाना कसा सुटणार? एका युनियनच्या दोन झाल्या. एकीचा सेक्रेटरी लवंगीचा धाकटा भाऊ, दुसरीचा तिचा नवरा. त्या दोघांतून विस्तव जात नव्हता. कँटीनमध्ये चहा प्यायची टेबलंसुद्धा वेगळी झाली होती, चहा मात्र दोघांनाही त्याच पातेल्यातला मिळत होता.

शिवणखात्याचं मागचं दार मालक कुलपात ठेवी. बायका मधेच सटकतात म्हणे! लघवीला जायचं तरी मुकादमाची परवानगी लागे, सटकणार कुठे? आत काही पेटलं, तर सगळ्या खात्याने एका अरुंद जिन्याने पळायचं. शेवटी भावाच्या युनियनने धरणं धरलं आणि मालक नमला. "ही घ्या किल्ली," तो म्हणाला, "पण माल चोरीला गेला तर तुम्ही जबाबदार." झालं! जबाबदारीच्या धास्तीने भावानेच दार बंद ठेवलं. ते पाहून नवऱ्याच्या माणसांचं डोकं फिरलं. त्यांच्या मेहेरबानीवर आम्ही का जगायचं, म्हणून त्यांनी त्याच दारावर आपलं दुसरं कुलूप ठोकलं. मॅनेजर मनातल्या मनात हसला असेल. त्याला आता काही करायचीच गरज उरली नव्हती.

लवंगी दोघांनाही सांगून थकली. भाऊ म्हणे, "ताई, आधी भावोजींना त्यांचं काढायला सांग." नवरा म्हणे, "तुझ्या भावाने सुरुवात केलीय, त्यालाच विचार."

आणि एका दुपारी मोटरची ठिणगी चिंध्यांवर पडली. धूर दिसताच बायका मागच्या दाराकडे धावल्या. सगळ्यांत पुढे होती बटणं लावणारी मावशी. मागून रेटा आला आणि तिचं मनगट दारावर चिरडलं. एक किल्ली एका पक्षाच्या सभेला गेली होती, दुसरी दुसऱ्या पक्षाच्या. बायकांनीच बादल्या ओतून आग विझवली, म्हणून जीव वाचले.

लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाचा राग तिला रोजचाच होता, पण हा घरातला राग होता आणि तो फार वाईट. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती सरळ कँटीनच्या टेबलावर चढली.

"कुलूप कुणाचं, हे मला ऐकायचं नाही. दारच काढून टाकायचं का, एवढंच सांगा. पटत असेल त्याने हात वर करा. झेंडा नाही, हात!"

कुणी हलेना. जो तो आपल्या टेबलाकडे बघत बसला. मग मावशीने प्लास्टरमधला हात उचलला, दुखत होता तरी. तिच्या शेजारणीने उचलला. मग दोन्हीकडच्या टेबलांवरून हात वर येत गेले. विरोधात कोण, हेही लवंगीने रीतसर विचारलं. कुणी नव्हतं. फिटरने बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि दार दोन्ही कुलपांसकट भिंतीला टेकवून ठेवलं.

इतके महिने खात्यात न फिरकलेला मॅनेजर धावत आला. "हे कुणी केलं?"

"आम्ही," भाऊ छाती काढून पुढे झाला.

"आम्ही!" नवरा त्याला खेटून उभा राहिला.

लवंगीला हसू नाही आलं. "आता बरं 'आम्ही' सुचलं! मावशीचा हात चिरडला तेव्हा कुठे होतात?" ती मॅनेजरकडे वळली. "साहेब, दार शिवणखात्याने काढलं. सगळ्यांनी मिळून. या दोघांनी फक्त कुलपं लावली होती."