पाणपोईचा पहिला ग्लास

नगरसेवक व्हायचं तर फ्लेक्सवर दात पांढरेशुभ्र दिसले पाहिजेत, हे मुकुंदवाडीच्या काकासाहेबांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून ते रोज राखुंडीनं, तवा घासल्यागत दात घासायचे. दात पिवळे पडत चालले, तसा त्यांनी जोर वाढवला.

शेवटी दातांची डॉक्टर मनस्विनी म्हणाली, "काका, वरचं पांढरं कवच तुम्हीच घासून टाकलंत. हे पिवळं दिसतंय ते खालचं डेंटिन. त्यात बारीक बारीक नळ्या असतात, थेट नसेपर्यंत जाणाऱ्या. डेंटिन आतून थोडं थोडं बनत राहतं, पण कवच काही परत येत नाही. आता गार पाणी टाळा."

"पुढाऱ्यानं पाणी टाळून कसं चालंल?"

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हस्ते पाणपोईचं उद्घाटन होतं. आठवडा-आठवडा नळ न येणाऱ्या त्या गल्लीनं बर्फाच्या पाण्याचा पहिला ग्लास मोठ्या मानानं त्यांच्या हातात दिला. पहिल्याच घोटाला ठणका मस्तकात गेला आणि डोळ्यांतून धारा लागल्या.

गर्दी गलबलली. "आमच्या पाण्यापायी रडणारा माणूस लई दिसांनी बघितला," म्हातारी सारजाबाई म्हणाली.

काकासाहेबांनी डोळे पुसले आणि दुसरा ग्लास मागितला.